एक्केचाळीस पुरचुंड्या

१

“तुझ्या घरात चोरी झाली, तर तुला कळेल का?”

हा प्रश्न माझा नाही. तो माझ्या मैत्रिणी पूजा आणि मंजुषा यांच्या डोक्यातून निघाला. आवाज तेवढा माझा. पैज दोन साबुदाणा वड्यांची होती. मागच्या वर्षीची निकिता बोरस्ते असती तर तिने स्वतःच चार वडे देऊन सुटका करून घेतली असती. पण यंदा दहावीत मला एक मोठा शोध लागलाय. आपण हात वर केला की लोक खरंच थांबून ऐकतात! मग काय, केला हात वर.

प्रश्न माणसाला विचारला नव्हता. नाशिकमधल्या म्हसरूळला ‘डोंगरबी’ नावाची संस्था आहे. सुरगाण्याच्या डोंगरातले भात, नागली (म्हणजे नाचणी), वरईचे जुने वाण गोळा करायचे आणि जपायचे, हे तिचं काम. माझी आई तिथलं कार्यालय सांभाळते. प्रत्येक वाणाची एक पुरचुंडी, प्रत्येक पुरचुंडीला एक नंबर आणि कॉम्प्युटरवर तिची एक नोंद. या नोंदींबद्दल काही विचारायचं असेल तर ‘बीजमित्र’ नावाचा एआय मदतनीस आहे. मराठीत विचारा, मराठीत उत्तर देतो.

त्या रविवारी संस्था सगळ्यांना खुली होती. दालन गच्च भरलेलं. मधोमध छताच्या कडीला एक बांबूची टोपली टांगली होती, सागाच्या पानांनी झाकलेली, वरून शेणामातीने लिंपलेली. तिच्याखाली उभं राहून जो तो फोटो काढत होता. आम्ही तिघींनी तर सात काढले. सगळे भोळे प्रश्न विचारत होते, “नागली म्हणजे काय?” वगैरे. आणि मी हा विचारला. लोक हसले.

बीजमित्र हसला नाही. मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली आणि तोच मजकूर स्पीकरमधून ऐकू आला.

“हो, फरक पडला तर कळेल. मागच्या महिन्याच्या अहवालात एकूण ४१२ नोंदी होत्या. आत्ता बियाणं शिल्लक असलेल्या ३७१ नोंदी आहेत. ४१ चा फरक आहे. ही चोरी आहे असं मी सांगू शकत नाही, पण तपासून पाहावं.”

संस्थेचे प्रमुख सुनील सर पाहुण्यांकडे बघून कसंनुसं हसले आणि भांडारातल्या मीना काकूंना म्हणाले, “काकू, कपाट बघून या बरं जरा.”

मीना काकू वीस मिनिटांनी परत आल्या. चेहरा पांढरा.

“सर, ३७१ च्या पुढची एकही पुरचुंडी कपाटात नाही.”

२

सोमवारी शाळेतून थेट आईच्या कार्यालयात गेले. आई टाइप करत होती आणि मला बघून तिने पटकन लॅपटॉप मिटला. माझी आई लॅपटॉप कधीच मिटत नाही. म्हणून ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी तो उघडला. (हे चूक आहे, मला माहितीये.)

‘रोशनी यांना कळविण्यात येते की, शनिवारच्या विश्वस्तांच्या बैठकीनंतर आपली सेवा…’

मी ते पत्र दोनदा वाचलं.

रोशनीताई सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. वय तेवीस. पाड्यावरची पहिली पदवीधर. गावोगाव जाऊन बी आणायचं आणि नोंद करायची, हे तिचं काम. तिचे आईवडील दर हिवाळ्यात पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या कामाला उतरतात, तीही लहानपणी त्यांच्याबरोबर उतरायची. ही नोकरी गेली तर ती पुन्हा त्या बागेत.

आणि माझा आवाज म्हणाल ना, तो तिनेच बाहेर काढला. उन्हाळ्याच्या सुट्टीत भांडारातल्या बरण्यांसमोर मला उभं करून म्हणायची, “ह्यांना सांग. ह्या हसत नाहीत.” तिथेच माझं भाषण बसलं, ‘आमची कणसरी’. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. भाषणातलं शेवटचं वाक्यही ताईचंच होतं, “नव्या धान्यावर पहिला हक्क कणसरीचा, पायलीची पाळी नंतर.” मी पायली म्हणताना हाताने मोठ्ठं माप दाखवायचे. टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं. आणि तिने दिलेल्या त्याच आवाजाने मी भर दालनात तिच्यावर चोरीचा आळ आणला!

“आई, तिनेच घेतल्या कशावरून?”

आईने आधी लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावली नाही, म्हणजे तीही आतून कुरतडली जात होती.

“३७२ ते ४१२, सगळ्या नोंदी एकाच दिवशी तिने केल्यात. सगळ्या त्या साळूबाई म्हणून आजी आहेत ना, त्यांच्या पाड्यावरच्या. पुरचुंड्या नाहीत. विचारलं तर एकच वाक्य. ‘मॅडम, बी जागेवर आहे.’ कुठल्या जागेवर? तर गप्प. असले वाण विकत मागणारे दहा जण आहेत बाहेर, निकू.”

घरी येताना रिक्षात मला एकदम काहीतरी टोचलं. मी ओरडलेच. रिक्षावाल्याने ब्रेक मारला.

चोर कपाटातून पुरचुंड्या नेतो. ठीक. पण बीजमित्राला काय कपाट दिसतं? त्याला डोळे कुठे आहेत? त्याला फक्त नोंदी माहीत. कपाट रिकामं झालं तरी नोंदी जागच्या जागी असायला हव्यात.

मग कपाट न बघता त्याला कळलं कसं?

३

संशयित चार. वहीच्या मागच्या पानावर लिहिले. किल्लीवाल्या मीना काकू. जीपवाला गोरक्षमामा. कॉम्प्युटरवाला योगेशदादा. आणि मन घट्ट करून, रोशनीताई.

मंगळवारी मीना काकू. त्यांची किल्ली कमरेला, चष्मा कपाळावर. कॉम्प्युटर आल्यापासून त्यांच्या जाड रजिस्टरला कोणी विचारत नाही, याचा राग त्यांना आहे आणि तो त्या लपवतही नाहीत.

“काकू, पुरचुंड्या गेल्या कधी?”

“गेल्या म्हणजे? माझ्याकडे आल्या तर जातील ना! त्या लावायच्या तर मला द्यायला हव्यात. रोशनी म्हणाली, काकू, मी लावते सावकाश. मी म्हटलं लाव बाई, तुमचंच राज्य आहे.”

“मग रविवारी तुम्ही हे सरांना का नाही सांगितलं?”

“सांगितलं की, नाहीत म्हणून!” काकू जवळ सरकल्या. “आणि ऐक. एरवी ही पोरगी जीपमधून उतरली की आधी काटा मागते, वजनाचा. ह्या खेपेला काटा कपाटातून हललाच नाही. ज्याला वजन करायचं नसतं ना, त्याला काहीतरी लपवायचं असतं.”

मी वहीत लिहिलं: काटा नाही. का?

बुधवारी गोरक्षमामा. निफाडकडचा माणूस, आवाज जीपच्या हॉर्नएवढा. पण साळूबाईच्या पाड्यावरून बी आणलं त्या दिवशीच्या फेरीचं नाव काढताच आवाज कानातल्या डासाएवढा झाला.

“त्या दिवशी तुम्ही पिंपळगावला दोन तास थांबला होतात. आईच्या वहीत वेळ आहे.”

“तू पोलीस हाय का?”

“नाही. दहावी ब.”

“मग जा, अभ्यास कर.”

“मामा, शनिवारी रोशनीताईला काढणार आहेत.”

गोरक्षमामाने हातातलं फडकं बॉनेटवर टाकलं. इकडेतिकडे पाहिलं.

“हे बघ, सायबाला नको सांगू. सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला निघालेली माणसं उभी होती रस्त्यावर, लेकरंबाळं घेऊन. एष्टी आली नव्हती. बसवली मागं. संस्थेच्या गाडीत बाहेरचं माणूस बसवायचं नाय, हा नियम हाय, मला ठाव हाय. त्यांना मळ्यापर्यंत सोडलं, तिथं गेले दोन तास. बी-बियाणं मी नाय पाह्यलं.”

“आणि रोशनीताई?”

“ती पुढच्या शिटावर. मांडीवर फडक्यात बांधलेलं गोल काहीतरी. नाशकापर्यंत हलली नाय. म्हणलं, पाय अवघडतील, मागं टाक. तर म्हणे, मामा, ह्याच्यावर कोणाचा पाय नाय पडला पाहिजे.”

म्हणजे पुरचुंड्या नाशिकला आल्या होत्या. पिंपळगावला उतरल्या नव्हत्या. कपाटात गेल्या नव्हत्या. आणि ज्या कधी कपाटात गेल्याच नाहीत, त्या कपाटातून चोरीला कशा जातील?

चार नावांतली दोन खोडली. उरलेल्या दोघांपैकी बीजमित्राच्या आत हात घालू शकणारा एकच होता.

४

योगेशदादा टेबलावर दोन पडदे लावून बसतो. कानात इअरफोन. ते काढायच्या आधीच तो म्हणाला, “मी डेटाला हातही लावलेला नाही.”

“मी अजून काही विचारलंच नाही, दादा.”

त्याने इअरफोन काढले.

मी माझा प्रश्न टाकला. कपाट न बघता बीजमित्राला कसं कळलं? योगेशदादा खुर्चीत थोडा खाली घसरला. मग मात्र त्याने नीट समजावलं, तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

“तो स्वतः नोंदी वाचत बसत नाही. त्याच्याकडे साधनं असतात. आपण कसं, मापायला पट्टी घेतो, कापायला कात्री. हे एक साधन, ‘नोंदमोज’. मी बनवलंय. कुठला तक्ता आणि कुठली अट, एवढं सांगायचं. ते फक्त आकडा देतं.”

“आणि कुठली अट लावायची हे बीजमित्राला कोण सांगतं?”

“त्याचं तो ठरवतो. साधनाचं माहितीपत्रक वाचून.”

“बघू.”

“कशाला? तांत्रिक असतं ते.”

“बघू ना.”

त्याने फाईल उघडली. पांढराशुभ्र पडदा. वरच्या कोपऱ्यात तीन शब्द: ‘अटीनुसार नोंदी मोजतो.’ मी खाली सरकवलं. अजून सरकवलं. संपलं होतं.

“एवढंच?”

“यंत्र हुशार आहे गं. त्याला कळतं.”

“आमच्या गणिताच्या सरांनी असं एका ओळीत शिकवलं असतं तर पप्पांनी फी परत मागितली असती.”

योगेशदादा हसला नाही. मी विचारलं, रविवारी माझ्या प्रश्नावर त्याने कुठली अट लावली होती? ते साठवलेलं असतं. दादाने काढून दाखवलं. महिन्याच्या अहवालाला अट नव्हती, म्हणून सगळ्या नोंदी, ४१२. माझ्या प्रश्नाला मात्र त्याने विचार केला होता. चोरी झाली का, म्हणजे बी शिल्लक आहे का, म्हणजे वजन शून्याहून जास्त आहे का. ‘वजन शून्याहून जास्त’ असलेल्या नोंदी, ३७१.

दोन वेगळे प्रश्न! आणि त्याने त्यांची उत्तरं एकमेकांतून वजा केली होती.

“आता असं विचार,” मी म्हटलं, “वजन शून्य असलेल्या नोंदी किती?”

दादाची बोटं थांबली. मग त्याने टाइप केलं.

० 

३७१ नोंदींचं वजन शून्याहून जास्त. शून्य वजनाची एकही नाही. एकूण ४१२. म्हणजे एक्केचाळीस नोंदी होत्या जागेवरच, आणि त्यांचं वजन शून्यही नव्हतं आणि शून्याहून जास्तही नव्हतं.

“दादा,” मी हळू म्हटलं, “असं वजन कुठलं असतं?”

योगेशदादाचे कान लाल झाले होते.

५

“कोरं,” तो म्हणाला. “रकाना कोरा ठेवला तर.”

हजेरीपटासारखं आहे हे. एखाद्या मुलीच्या नावापुढे हजर लिहिलेलं नाही आणि गैरहजरही नाही. ‘हजर किती’ विचारा, ती मोजली जाणार नाही. ‘गैरहजर किती’ विचारा, तरी नाही. ती वर्गात पहिल्या बाकावर बसून डबा खात असेल, तरी आकड्यात ती कुठेच नाही. नोंदमोज असाच वागतो. त्यात त्याची चूक नाही. चूक एवढीच की बीजमित्राला हे कोणी लिहून दिलं नव्हतं.

“पण वजन भरल्याशिवाय नोंद होतच नाही ना? आई सांगते, सरांचा नियमच आहे.”

इथे दादाने मान खाली घातली. “मी सक्ती काढली होती. रोशनी म्हणाली, ह्या एका पाड्याचं वजन नंतर भरते, तेवढी परवानगी दे. मी दिली. सरांना विचारलं नाही.”

“आणि ती नोकरीवरून जातेय तरी तू गप्प?”

“अगं, पण पुरचुंड्या कपाटात खरंच नाहीत ना! मला वाटलं, चोरी खरीच असेल. मग आपलं नाव मध्ये कशाला…”

मला इतका राग आला की मी त्याच्याच टेबलावर बसून त्याच्याच कागदावर माहितीपत्रक लिहायला घेतलं. पहिल्यांदा नीट जमलं नाही. दुसऱ्यांदा असं जमलं:

‘हे साधन नोंदी मोजतं, वस्तू नाही. अट घातली की त्या रकान्यात काहीच न लिहिलेल्या नोंदी मोजणीतून सुटतात, म्हणून त्या वेगळ्या मोजून वेगळ्या सांगाव्यात. दोन वेगळ्या अटींचे आकडे एकमेकांतून वजा करू नयेत. रकाना कोरा असेल तर नोंद करणाऱ्या माणसाला कारण विचारायला सांगावं.’

“हे टाक,” मी म्हटलं. दादाने निमूट टाकलं.

पण कोडं अर्धंच सुटलं होतं. रकाना विसरून कोरा राहिला नव्हता, मुद्दाम ठेवला होता. काटा मुद्दाम मागितला नव्हता. मांडीवरचं गोल गाठोडं मुद्दाम मांडीवर होतं. एक मुलगी एक्केचाळीस पुरचुंड्या वजनापासून लपवतेय. कशासाठी? आणि कुठे?

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मंजुषा वड्यांचा हिशेब काढून भांडत होती आणि पूजा रविवारचे फोटो दाखवत होती. आम्ही तिघी, दात काढलेले. डोक्यावर लिंपलेली टोपली. गोल. मांडीवर मावेल एवढी.

माझ्या कानात माझाच आवाज वाजला, माईकवरून, बक्षीस मिळवताना. नव्या धान्यावर पहिला हक्क कणसरीचा…

पायलीची पाळी नंतर! पायली म्हणजे माप. हाताने एवढं मोठं माप दाखवून मी ते वाक्य वीस वेळा म्हटलं होतं आणि एकदाही ऐकलं नव्हतं!

६

शाळा सुटल्यावर गेले तेव्हा दालनात रोशनीताई एकटीच होती, खोक्यात स्वतःची पुस्तकं भरत.

“ताई, मी वर बघू का?”

तिचा हात थांबला. “नको बघू.”

“बघितलं मी.”

ती खाली बसली. मीही बसले. मग ती बोलली.

“आमच्या पाड्यावर कणसरीची पूजा झाल्याशिवाय नव्या धान्याला माप लावत नाहीत. ना पायली, ना काटा. यंदा पूजा उशिरा आली, पुढच्या बुधवारी. साळूबाई बी द्यायलाच तयार नव्हती. म्हणाली, तुमची संस्था आधी काट्यावर टाकते. मी शब्द दिला तिला, पूजेपर्यंत कोणी मोजणार नाही. तेव्हा तिने स्वतः टोपली लिंपली. ओल्या मातीवर तिच्या बांगडीचा ठसा उमटलाय बघ, एका बाजूला. पूजेला टोपली परत न्यायची, तिथे उघडायची, मग वजन.”

“मग हे सरांना सांग ना!”

“सांगितलं असतं तर काय म्हणाले असते? ‘एकदा काटा लावून घेऊ, त्यांना कुठे कळतंय.’” ताईने हुबेहूब सरांचा आवाज काढला. हसू आलं आणि लगेच गेलं. “साळूबाईला नसतं कळलं. मला कळलं असतं.”

“उद्या तुला काढतील, ताई.”

“माहितीये.”

“शब्द तू दिलायस. मी नाही दिला. मी बोलू?”

तिने माझ्याकडे बघितलं, बरण्यांसमोर उभं केलं होतं तेव्हा बघायची तसं.

“बोल. पण टोपली उतरू द्यायची नाही.”

७

शनिवारी सकाळी अकरा. दालनात सुनील सर, दोन विश्वस्त आणि सगळे कर्मचारी. टेबलावर आईने टाइप केलेलं पत्र. मी दारातून हात वर केला.

“निकिता, ही बैठक आहे,” सर म्हणाले.

“सर, रविवारी प्रश्न मी विचारला होता. तोच पुन्हा विचारायचाय, एकदाच.”

एक विश्वस्त आजोबा म्हणाले, “विचारू द्या हो पोरीला.”

मी पडद्याकडे वळले. “तुझ्या घरात चोरी झाली, तर तुला कळेल का?”

“फक्त नोंदींवरून मला चोरी कळणार नाही. एकूण ४१२ नोंदी आहेत. त्यांपैकी ३७१ नोंदींमध्ये वजन भरलेलं आहे. ४१ नोंदींमध्ये वजनाचा रकाना कोरा आहे. याचा अर्थ बियाणं नाही, असा होत नाही. या सर्व नोंदी रोशनी यांनी केल्या आहेत. कारण त्यांना विचारावं.”

सरांनी चष्मा काढला. “रविवारी तर हा वेगळंच सांगत होता!”

“रविवारी त्याचं माहितीपत्रक तीन शब्दांचं होतं,” मी म्हटलं आणि योगेशदादाकडे पाहिलं. तो उभा राहिला. सक्ती काढल्याचं, गप्प बसल्याचं, सगळं बोलला. अडखळत, पण बोलला. मग मी काटा, गाठोडं, भाषण, सगळं ओळीने मांडलं. गोरक्षमामाची माणसं तेवढी गाळली. तो मागे उभा राहून छताकडे बघत होता.

छताकडे आता सगळेच बघत होते.

“म्हणजे एक्केचाळीस पुरचुंड्या इतके दिवस आमच्या डोक्यावर?” सर उठले. “मग प्रश्नच मिटला. गोरक्ष, स्टूल आण. उतरव टोपली, आत्ता मोजून टाकू.”

“नको सर!” रोशनीताई पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

“अगं, पाच मिनिटांचं काम. न मोजता मी विश्वस्तांना काय सांगू? आत दगड असले तर?”

त्यांचंही चूक नव्हतं, हीच पंचाईत. मोजलं तर शब्द मोडतो. नाही मोजलं तर आळ राहतो. ताई टोपलीखाली जाऊन उभी राहिली, जणू एवढीशी ती सगळ्यांना अडवूच शकणार होती.

“सर, साळूबाईंना विचारू ना आपण,” मी म्हटलं. “फोनवर.”

ताईने फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

“साळूमाय, रोशनी बोलतेय. सर विचारतात, टोपलीत किती बी दिलं?”

“ते कसं सांगू? मोजलं नाय ना!”

सरांनी हात उडवले. मी फोनजवळ वाकले. डोक्यात काहीतरी चमकलं होतं.

“आजी, बी नका सांगू. बी दिलेली घरं किती?”

“घरं व्हय? घरं एक्केचाळीस. घरटी एक पुरचुंडं. बी मोजायचं नाय, पोरी, घरं मोजायला कोणाची बंदी हाय? सगळ्यांची नावं ल्हून नेली की रोशनीनं.”

नोंदींत नावं होतीच, एक्केचाळीस घरांची. योगेशदादाने ती पडद्यावर आणली. सर एकेक नाव वाचत गेले आणि साळूबाई तिकडून “हाय… हाय… तो द्राक्षाला गेला, पण दिलं त्यानं,” असं म्हणत गेल्या. एक्केचाळिसाव्या नावाला सरांचा आवाज बसला होता.

“लिंपण बघा,” मीना काकू एकदम म्हणाल्या. त्या स्वतःच स्टुलावर चढल्या, टोपलीला हात न लावता मान वाकडी करून चष्म्यातून बघत राहिल्या. माझ्या मैत्रिणीने, पूजाने, रविवारी काढलेला फोटो आईने त्यांच्यासमोर धरला. “बांगडीचा ठसा जसाच्या तसा. कुठे चीर नाही.” खाली उतरून त्या ताईला म्हणाल्या, “मला सांगायचंस ना गं. मी काय काटा घेऊन मागे लागले असते?”

“लागला असतात, काकू,” ताई म्हणाली.

“हो, लागले असते,” काकू म्हणाल्या.

फोनमधून साळूबाई ओरडल्या, “तो साहेब हाय का अजून? त्याला म्हणावं, बुधवारी ये. पूजा झाली का लाव तुझा काटा, दिवसभर लाव!”

सुनील सरांनी टेबलावरचं पत्र उचललं, चार तुकडे केले आणि खिशात घातले. “रोशनी, मी आधी तुला विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “आकड्याला विचारलं.”

८

संध्याकाळी जेवताना आई शांत होती आणि पप्पा खूश होते. पिंपळगावच्या त्यांच्या द्राक्षपेट्यांच्या दुकानात आज प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी ही गोष्ट सांगितली होती, असं दिसत होतं.

“आता डिटेक्टिव्हगिरी बास,” पप्पा म्हणाले. “बुधवारी क्लासची सराव परीक्षा आहे ना? भूमिती?”

मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“पप्पा, आई, मी एक ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. भर दालनात ताईकडे बोट गेलं ते माझ्या प्रश्नामुळे. पैज जिंकले, वडे खाल्ले आणि ती खोकी भरत होती. बुधवारी मी परीक्षेला बसणार नाही. गोरक्षमामाच्या जीपमधून सुरगाण्याला जाणार, टोपली मांडीवर घेऊन. पूजा होईल, साळूआजी लिंपण फोडतील, ताई काटा लावेल आणि एक्केचाळीस कोरे रकाने मी माझ्या हाताने भरणार आहे.”